वैज्ञानिक पक्ष सोडतात, की पक्ष वैज्ञानिकांना सोडतो?

कोराकागद (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतो. झालं असं की गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे जुने आकडे चाळत होतो. अमेरिकेत १९७५ साली लोकांना विचारलं, विज्ञानावर तुमचा कितपत विश्वास आहे, तर रिपब्लिकनांपैकी ७२ टक्के म्हणाले चांगला आहे आणि डेमोक्रॅटांपैकी ६७ टक्के. म्हणजे उजवे पुढे होते! २०२१ ला परत तोच प्रश्न, रिपब्लिकन ४५, डेमोक्रॅट ७९. हे झालं साध्या मतदारांचं. आता खुद्द वैज्ञानिकांचं बघा. २००९ मध्ये प्यू या सर्वेक्षण संस्थेने एएएएस या तिकडच्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या अडीच हजार सभासदांना विचारलं, त्यात ५५ टक्के डेमोक्रॅट, ३२ टक्के स्वतंत्र, आणि रिपब्लिकन किती तर ६. साठ नाही, सहा. आम जनतेत तेव्हा रिपब्लिकन २३ टक्के होते.

तर प्रश्न असा की उत्क्रांती, स्टेम सेल, हवामानबदल, लस वगैरेंवर पक्षाने घेतलेल्या भूमिकांमुळे ही मंडळी पळाली, की ती आधीपासूनच दुसऱ्या बाजूची होती आणि विषय नुसते निमित्ताला?

माझा अंदाज सांगतो, मग तुम्ही झोडपा. चुकीच्या भूमिकेमुळे वैज्ञानिक पक्ष सोडत नाहीत, चुकीच्या भूमिका सगळेच पक्ष घेतात आणि वैज्ञानिक त्या गिळतातही. पण पक्षाने 'मोजूच नका' किंवा 'मोजलंत तर बोलू नका' म्हटलं की सोडतात. उदाहरणं आहेत माझ्याकडे पण आधी तुमचं येऊ दे. एकच विनंती, आपापल्या लाडक्या नेत्याची आरती इथे नको.

आडवाफाटा

जागा पकडून ठेवतो. शतकी होणार हा धागा.

मिलीमीटर

विदा (डेटा) घेऊन आलात याबद्दल अभिनंदन, आता तोच विदा उसवतो :)

एक तर एएएएसचे सभासद म्हणजे सगळे वैज्ञानिक नव्हेत. वर्गणी भरून सभासद होतात, साहजिकच विद्यापीठवाले जास्त. तेलकंपनीतला भूगर्भतज्ज्ञ, शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनियर, बियाणं कंपनीतला जीवशास्त्रज्ञ यांचं वजन त्या ६ टक्क्यांत किती आलं असेल याचा विचार करा. दुसरं म्हणजे इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्राचे प्राध्यापकसुद्धा तिकडे डावीकडेच झुकलेले असतात, त्यांना कोणी स्टेम सेलवरून दुखावलं होतं? भरपूर शिकलेला, मोठ्या शहरात किंवा विद्यापीठाच्या गावात राहणारा माणूस आता तसं मत देतो, आणि वैज्ञानिक हाही असाच एक माणूस. त्यामुळे 'पक्षाची विज्ञानाबद्दलची भूमिका' हे कारण आहे असं म्हणायचं असेल तर आधी आणि नंतर अशी तुलना पाहिजे, तोच माणूस, तीच नोकरी, फक्त पक्षाची भूमिका बदलली. असं काही असेल तर बोला, नाहीतर हा दोन रेघा शेजारी काढण्याचा खेळ आहे.

अनुराधा_प

मिलीमीटर, आधी-नंतर हवंय ना, मग थोडं मागे जाऊ.

१९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक गेलं आणि आयसेनहॉवरने, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षाने, वैज्ञानिक सल्लागारांची समिती थेट व्हाइट हाऊसमध्ये आणून बसवली. वैज्ञानिकांना एवढा मान आधी क्वचितच मिळाला असेल. निरोपाच्या भाषणात (जानेवारी १९६१) लष्कर आणि उद्योगांच्या युतीबद्दल त्याने इशारा दिला तो सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच भाषणात त्याने असंही म्हटलंय की सरकारी धोरण शास्त्रज्ञांच्या एका छोट्या वर्तुळाच्या मुठीत जायचा धोका आहे. तरी कोणी रुसलं नाही, कारण माणूस ऐकून घेत होता.

मग १९६४. रिपब्लिकनांनी गोल्डवॉटरला उभा केला आणि हा गृहस्थ छोटी अण्वस्त्रं वापरायचा अधिकार रणांगणावरच्या सेनापतींना द्यावा असं बोलायला लागला. झालं, समोरच्या डेमोक्रॅट जोडीसाठी 'जॉन्सन-हम्फ्रीसाठी वैज्ञानिक आणि इंजिनियर' अशी देशभर संघटना उभी राहिली, वैज्ञानिक म्हणून उघडपणे प्रचारात उतरले. वर्ग तोच, पगार तेच, विद्यापीठं तीच. फक्त उमेदवार बदलला होता. हे चालेल का तुम्हाला आधी-नंतर म्हणून?

निक्सनचा किस्सा तर अजून मजेशीर आहे. १९७० मध्ये पर्यावरण संस्था त्याने काढली, हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा त्याच्याच सहीचा, १९७१ चा कॅन्सरवरचा मोठा कायदा त्याचाच. म्हणजे विषयांवरच्या 'भूमिका' बघितल्या तर वैज्ञानिकांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण त्याच्या सल्लागार मंडळींपैकी रिचर्ड गार्विन याने स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) प्रवासी विमानाच्या सरकारी योजनेविरुद्ध काँग्रेससमोर, म्हणजे तिकडच्या संसदेसमोर, साक्ष दिली, १९७१ ला काँग्रेसने त्या विमानाचे पैसे बंद केले, आणि १९७३ च्या सुरुवातीला निक्सनने अख्खी सल्लागार समितीच गुंडाळली. म्हणजे सल्ला पाहिजे पण माझ्या मनासारखा. पुढे १९७६ ला फोर्डच्या काळात कायदा करून ते ऑफिस परत आणावं लागलं.

मिलीमीटर

गोल्डवॉटर मान्य, निम्मा. अण्वस्त्रांना घाबरायला भौतिकशास्त्र यावं लागत नाही हो, त्या निवडणुकीत अख्ख्या देशानेच त्याला आपटला होता.

तिरपाडा

एवढं गहन काही नाहीये मंडळी. पैसा बघा पैसा. ज्याचा पक्ष प्रयोगशाळेला पैसे देतो त्याला पाठिंबा, विषय संपला. बाकी सगळं तत्त्वज्ञान नंतर शिवलेलं.

कोराकागद

@तिरपाडा, मला पण आधी असंच वाटायचं, पण पैशाचा हिशोब जुळत नाही ना. टेक्सासमधला तो भलामोठा सुपरकोलायडर (कण एकमेकांवर आदळवून बघायचं यंत्र) आठवा, १९९३ मध्ये बंद पाडला, तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर जमिनीत पुरून झाले होते. तेव्हा अध्यक्ष क्लिंटन आणि दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटांचं. (क्लिंटनला चालू ठेवायचा होता, पण काँग्रेसने ऐकलं नाही.) भौतिकशास्त्राच्या एका पिढीचं करिअर त्यात गेलं. त्यावरून भौतिकवाले उठून रिपब्लिकन झाले का? नाही. उलट १९९८ पासून पाच वर्षांत वैद्यकीय संशोधनाच्या त्यांच्या राष्ट्रीय संस्थांचं बजेट दुप्पट केलं, साडेतेरा अब्जांवरून सत्तावीसच्या आसपास, ते रिपब्लिकन बहुमत असलेल्या काँग्रेसने मनावर घेतलं म्हणून झालं, निम्मा काळ तर अध्यक्ष धाकटा बुशच होता. जीवशास्त्रवाल्यांनी त्याला काय दिलं? २००४ च्या फेब्रुवारीत साठेक नामवंतांनी, त्यात २० नोबेलवाले, पत्रक काढलं की हे सरकार वैज्ञानिक अहवालांत ढवळाढवळ करतंय, आणि जूनमध्ये ४८ नोबेलवाल्यांनी बुशविरुद्धचा डेमोक्रॅट उमेदवार केरीला जाहीर पाठिंबा दिला. पैसा दुप्पट मिळूनसुद्धा!

आता त्या पत्रकात स्टेम सेलचं भांडण मुख्य नव्हतं हे लक्षात घ्या. मुख्य तक्रार काय, तर अहवालातली वाक्यं बदलली, समित्यांवर नेमताना राजकीय मतं विचारली, नको ते निष्कर्ष दाबले. माझा मुद्दा हाच आहे.

तिरपाडा

आणि बुश निवडून आला. ४८ नोबेल एका बाजूला आणि निकाल ठरवणारं ओहायो राज्य एका बाजूला. हलके घ्या.

अनुराधा_प

:) तिरपाडांच्या टोमण्यात दम आहे पण. वैज्ञानिकांचा पाठिंबा म्हणजे मतं नव्हेत, संख्येने ते आहेतच किती. पक्षाला त्यांचा उपयोग होतो तो 'शहाणी माणसं आमच्याकडे आहेत' हे दाखवायला. दागिना म्हणून.

प्रयोगवही

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा बघून राहवलं नाही.

मी बाहेर एका देशात संशोधन करते, देश सांगत नाही, संस्था तर नाहीच नाही. विषय पावसाच्या नोंदींचा, अत्यंत कंटाळवाणा, आम्ही जुनी मोजमापं दुरुस्त करतो, म्हणजे यंत्र बदललं की आकड्यांत उडी येते ती काढून टाकायची असलं काम. राजकारणाचा संबंध शून्य. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात सीनियर माणूस कट्टर उजवा, जेवताना कर किती जास्त आहेत यावर तासभर बोलायचा आणि आम्ही माना डोलवायचो. सरकार बदललं, त्याच्याच आवडीचं आलं, तो खूश. मग एके दिवशी निधी देणाऱ्या ऑफिसातून फोन, मेल नाही बरं का, फोन, की तुमच्या प्रस्तावाच्या शीर्षकात 'हवामानबदल' आहे ते काढून 'हवामानातील चढउतार' करा म्हणजे फाइल पुढे सरकेल. आत काही बदलायचं नाही. एकही आकडा नाही. फक्त शीर्षक.

आम्ही तरुण मंडळी म्हणालो करून टाका, काय फरक पडतो. तो म्हातारा मात्र दोन दिवस कोणाशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, चाळीस वर्षं मी यांना मत देतोय, यांनी मला कर वाढवून लुटलं असतं तरी दिलं असतं, पण मी काय मोजतो त्याचं नाव हे ठरवणार? बदल केला आम्ही, निधी पण आला. त्याने पुढच्या वेळी कोणाला मत दिलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही पण करांवरची भाषणं बंद झाली.

एका माणसावरून सिद्धांत काढू नका हे मिलीमीटर आता म्हणतीलच.

मिलीमीटर

नाही म्हणत. गप्प बसून वाचलं.

आडवाफाटा

+१. धाग्याचं सार्थक झालं.

दुर्बीण

इथे सगळं एकाच दिशेने चाललंय, उजवे वाईट आणि डावे विज्ञाननिष्ठ, म्हणून जरा उलटी बाजू मांडतो, शिव्या द्या हवं तर.

जनुकबदल केलेली (जीएम) पिकं घ्या. युरोपात हिरव्या पक्षांनी आणि पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. २०१४ मध्ये ॲन ग्लोव्हर म्हणून युरोपियन कमिशनच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागार होत्या, जीएम पिकांच्या सुरक्षिततेबद्दल त्या पुराव्याला धरून बोलायच्या. ग्रीनपीस आणि इतर काही संघटनांनी नव्या अध्यक्षाला पत्र लिहिलं की हे पदच नको, आणि त्या वर्षाअखेर पद गेलं. यात 'मोजू नका, बोलू नका' नाहीये का? २०१६ मध्ये शंभराहून जास्त नोबेलवाल्यांनी ग्रीनपीसला जाहीर पत्र लिहिलं, गोल्डन राइस या जीएम तांदळाला विरोध थांबवा म्हणून. अणुऊर्जेचं तसंच, जर्मनीने शेवटचे तीन प्रकल्प १५ एप्रिल २०२३ ला बंद केले, कोळसा चालू असताना. आणि २०११ मध्ये फुकुशिमानंतर ही अणुबंदी पक्की करणारी मर्केलबाई स्वतः क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट! तिचा पक्षही डावा नव्हे.

तर प्रश्न हा की यावरून किती वैज्ञानिकांनी हिरव्यांची साथ सोडली? माझ्या बघण्यात फारशी नाही. म्हणजे आपल्या बाजूने गाढवपणा केला तर 'मतभेद', दुसऱ्या बाजूने केला तर 'विज्ञानविरोध'. वैज्ञानिकही माणूसच आहे, त्याचाही कळप असतो.

कोराकागद

@दुर्बीण, ग्लोव्हरचं उदाहरण माझ्या बाजूचंच आहे की राव, धन्यवाद :) ते पद गेल्यावर युरोपातल्या वैज्ञानिक संस्था चांगल्याच खवळल्या होत्या. पण कळपाचा मुद्दा घेतला, त्याला उत्तर नाहीये माझ्याकडे. अणुऊर्जेबद्दल एक वाटतं, तिथे धोका किती पत्करायचा हा मूल्यांचा प्रश्न आहे, कचऱ्याचं काय, खर्चाचं काय, त्यावर दोन अभ्यासू माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतात. जिथे भांडायला जागा उरते तिथे कोणी पक्ष सोडत नाही.

अनुराधा_प

दुर्बीण, कळप तुटल्याचं एक उदाहरण आहे आणि ते मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. दक्षिण आफ्रिका.

मंडेलांनंतर म्बेकी अध्यक्ष झाले, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, ज्या पक्षाने वर्णद्वेषाविरुद्धचा लढा लढला. तिथले कितीतरी डॉक्टर आणि संशोधक याच लढ्यात वाढलेले, काही तर तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आलेले, पक्ष म्हणजे घर. आणि या म्बेकींच्या डोक्यात कुठूनतरी शिरलं की एड्स एचआयव्हीमुळे होतो हेच पक्कं नाही. २००० च्या जुलैत डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली, तिच्या तोंडावर पाच हजारांवर शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी सही केलेलं निवेदन आलं, एचआयव्हीमुळेच एड्स होतो याचे पुरावे निःसंशय आहेत म्हणून. विचार करा, २००० साली हे लिहून द्यावं लागलं. सरकारी प्रवक्त्याने तर म्हटलं की असलं काही आलं तर ते कचऱ्याच्या टोपलीत जाईल. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर (२००८) हिशोब मांडला, औषधं वेळेवर न दिल्यामुळे ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव गेले.

इथे मिलीमीटर म्हणतात ते सगळे निकष बसतात, शिक्षण-शहर-वर्ग या कशाने समजावता येत नाही. पक्ष त्यांचा, नेता त्यांचा, विरोधातही तेच. पण गंमत बघा, पक्ष सोडून विरोधी पक्षात गेले असं सरसकट झालं नाही. ते रस्त्यावर गेले, कोर्टात गेले. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनने सरकारला कोर्टात खेचलं आणि २००२ मध्ये घटनापीठाने गरोदर बायकांना नेव्हिरापिन (बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणूनचं औषध) द्यायला लावलं. पक्ष सोडणं हा एकच मार्ग नसतो, घरात राहून भांडणं हाही असतो, आणि तो सर्व्हेच्या रकान्यात दिसत नाही. त्या रकान्यात माणूस अजूनही त्याच पक्षाचा.

मिलीमीटर

हे मात्र आवडलं. म्हणजे आपण चुकीचा चल मोजतोय. 'कोणत्या पक्षाचा' हे विचारतोय, विचारायला हवं 'पक्षासाठी काय करायचं थांबवलं'. सल्ला द्यायचं थांबवलं, समितीवर जायचं थांबवलं, निवडणुकीच्या आधी नाव द्यायचं थांबवलं. रेगनच्या अवकाशातल्या क्षेपणास्त्र-ढाल योजनेच्या वेळी (घोषणा मार्च १९८३) नेमकं हेच झालं होतं, हजारो भौतिकशास्त्रज्ञ आणि इंजिनियरांनी लिहून दिलं की या योजनेचा पैसा आम्ही घेणारच नाही. मत कोणालाही देवोत, हात दिला नाही. तिरपाडा, इथे तर समोर आलेला पैसा नाकारलाय.

तिरपाडा

ज्यांना दुसरीकडून मिळत होता त्यांनी नाकारला. ज्यांना नव्हता मिळत त्यांनी घेतला की. ती योजना काही माणसांवाचून अडली नाही.

आणि विषय निघालाच आहे तर हे पण पचवा. अमेरिकन पेट्रोलियम भूगर्भतज्ज्ञांची मोठी संघटना, १९९९ मध्ये त्यांनी हवामानबदलात माणसाचा हात असण्याबद्दल शंका घेणारं अधिकृत निवेदन काढलं होतं. सगळे डिग्रीवाले, खरे वैज्ञानिक. पोटावर पाय येतो तिथे पुरावाही वेगळा दिसायला लागतो हो.

कोराकागद

अर्धीच गोष्ट सांगितली तिरपाडाभाऊ. २००७ मध्ये त्याच संघटनेला ते निवेदन बदलावं लागलं, कारण सभासदच म्हणायला लागले की या भूमिकेमुळे आम्ही वर्गणी भरणार नाही. पेट्रोलियमवाले!

तिरपाडा

बदललं पण किती मिळमिळीत ते पण वाचा. पण ठीक, अर्धा गुण तुम्हाला.

उंबरठा

लोकहो, पुढचा प्रश्न कोणी विचारत नाहीये म्हणून मीच विचारतो, आपल्याकडे काय? इथे इतकी चर्चा, भारतातल्या वैज्ञानिकांचं एक वाक्य नाही.

अनुराधा_प

उंबरठा, आपल्याकडे मोजणारच कसं? मोठ्या संस्था बहुतेक सरकारी, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, राजकीय पक्षात जायचं नाही, प्रचार करायचा नाही. संशोधन संस्थांतही बहुतेक तसलेच नियम लावतात. त्यामुळे आपल्याकडचा वैज्ञानिक पक्षाबद्दल बोलतच नाही, 'वैज्ञानिक दृष्टिकोन' याबद्दल बोलतो. तो शब्द घटनेतच आहे ना, कलम ५१अ, १९७६ च्या दुरुस्तीने आलेला, म्हणून तेवढी एक सुरक्षित जागा. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कोणी बघितला नाही, तर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढलं. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली तेव्हा २०२३ मध्ये १८०० हून जास्त जणांच्या सह्यांचं पत्र. ९ ऑगस्ट २०१७ ला बऱ्याच शहरांत मोर्चे निघाले, मागणी काय तर जीडीपीच्या ३ टक्के संशोधनाला द्या. कुठेही पक्षाचं नाव नाही.

दुर्बीण

आणि बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये कोणी अडवलं? काँग्रेस सरकारच्या मंत्र्याने. जीएम मोहरीला २०२२ मध्ये परवानगी कोणाच्या काळात, तर भाजपच्या, आणि तिला कडाडून विरोध कोणाचा तर संघपरिवारातल्याच स्वदेशी जागरण मंचाचा. म्हणजे आपल्याकडे विज्ञानाचा विषय पक्षांच्या मधून जातच नाही, पक्षांच्या पोटातून आडवा जातो. कुठल्या रकान्यात टाकणार वैज्ञानिकाला?

उंबरठा

पूर्वी तर थेट निवडणुका लढवायचे की. मेघनाद साहा १९५२ ला कलकत्त्यातून काँग्रेसविरुद्ध उभे राहून लोकसभेत गेले. ताऱ्यांच्या वर्णपटाचं समीकरण देणारा माणूस संसदेत उभा राहून नदी प्रकल्पांवर सरकारला धारेवर धरायचा. आता तसं कोणी आठवतंय का.

सायंतारा

वाचनमात्र होते, ब्रिटनची थॅचर कोणाला कशी आठवली नाही याचं आश्चर्य वाटून लिहिते. ती रसायनशास्त्राची, ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिनच्या हाताखाली शिकलेली. म्हणजे 'आपल्यातलीच' पंतप्रधान झाली. आणि १९८५ च्या जानेवारीत त्याच ऑक्सफर्डने तिला मानद पदवी नाकारली, ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी, शिक्षण आणि संशोधनाचे पैसे कापले म्हणून. त्याच बाईने १९८८ च्या सप्टेंबरात रॉयल सोसायटीत उभं राहून पृथ्वी तापतेय असं भाषण केलं, तेव्हा बाकीच्या नेत्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भूमिका अचूक होती, पण तोवर वैज्ञानिकांशी वाकडं येऊन चुकलं होतं.

मग कोराकागद, तुमच्या सिद्धांतात हे कुठे बसतं? तिने मोजायला बंदी नव्हती केली. पैसेच कापले होते.

कोराकागद

नाही बसत. खरंच नाही बसत. तिरपाडांना उरलेला अर्धा गुण.

पण कॅनडाचं सांगायचं राहिलं, ते माझं हुकमी पान आहे. पंतप्रधान हार्परच्या सरकारने २०१० मध्ये जनगणनेचा सक्तीचा सविस्तर फॉर्म बंद केला. देशाचा मुख्य सांख्यिकी अधिकारी मुनीर शेख, त्याने राजीनामा दिला, कारण मंत्री असं भासवत होते की ऐच्छिक फॉर्म तितकाच चांगला आहे असं शेखचं खातं म्हणतंय. तो म्हणाला, नाही, तितका चांगला होऊ शकत नाही. सांख्यिकीच्या माणसाने नमुना निवडीवरून राजीनामा द्यावा, मिलीमीटर, तुमच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. मग सरकारी वैज्ञानिकांना परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलायला बंदी. १० जुलै २०१२ ला पांढरे कोट घालून शास्त्रज्ञांनी संसदेसमोर 'पुराव्याची अंत्ययात्रा' काढली, खांद्यावर खरोखर शवपेटी. २०१३ मध्ये त्यांच्या युनियनने चार हजारांवर जणांना विचारलं तर ९० टक्के म्हणाले आम्हाला माध्यमांशी मोकळेपणाने बोलता येत नाही. २०१५ ला सरकार बदललं आणि नव्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात काय केलं, तर जनगणनेचा फॉर्म परत आणला आणि वैज्ञानिकांना बोलायला मोकळीक दिली. कसलंही नवीन बजेट नाही, नुसती तोंडावरची पट्टी काढली.

ब्राझीलमध्ये पण तेच. बोल्सोनारोने २०१९ च्या ऑगस्टमध्ये अवकाश संस्थेचा प्रमुख रिकार्दो गाल्व्हाँ याला काढला, का तर उपग्रह जंगलतोड वाढल्याचं दाखवत होते. २०२३ ला लूला आल्यावर तोच गाल्व्हाँ देशाच्या संशोधन निधी परिषदेचा अध्यक्ष.

मिलीमीटर

डोळ्यांत पाणी आलं, कबूल. सक्तीचा फॉर्म ऐच्छिक केला की गरीब, स्थलांतरित, घाईतले लोक गळतात आणि आपण गळलेल्यांनाच मोजू शकत नाही. पण बघा, ब्राझीलच्या उदाहरणातच पुढचा घोळ आहे. गाल्व्हाँ दुसऱ्या सरकारात पदावर गेला म्हटल्यावर बोल्सोनारोचे समर्थक काय म्हणणार, बघा, आधीपासूनच त्यांचा होता. आणि मग त्याचे जुने, अचूक आकडे पण 'त्यांचे' होतात.

यावर एक प्रयोग झालाय, नेचर या विज्ञान मासिकाने २०२० च्या निवडणुकीत बायडनला जाहीर पाठिंबा दिला होता. त्याचा परिणाम तपासणारा पेपर २०२३ मध्ये नेचरच्याच भावंड मासिकात आला. काही लोकांना तो पाठिंबा दाखवला, काहींना नाही. बायडन-ट्रम्पबद्दलची मतं जवळजवळ हलली नाहीत, पण ट्रम्प समर्थकांचा नेचरवरचा विश्वास बराच घसरला, इतका की कोविडवर नेचरने दिलेली माहिती सुद्धा त्यांना नको झाली. म्हणजे उमेदवाराला काही मिळालं नाही आणि मासिकाच्या खिशातून गेलं. सायंटिफिक अमेरिकनने १७५ वर्षांत पहिल्यांदा पाठिंबा दिला तो पण २०२० लाच.

अनुराधा_प

मग करायचं काय, गप्प बसायचं? २०२४ च्या डिसेंबरात ७७ नोबेलवाल्यांनी लशींवर शंका घेणाऱ्या रॉबर्ट केनेडींना (धाकटे) अमेरिकेचे आरोग्यमंत्री करू नका असं सिनेटला लिहिलं, नेमणूक झालीच. गप्प बसून काय वेगळं झालं असतं?

मिलीमीटर

त्या पत्रात फरक आहे ना ताई, ते एका नेमणुकीबद्दल होतं, अमक्या पक्षाला मत द्या असं नव्हतं. इटलीत २०१९ मध्ये लशींच्या वादात काही डॉक्टरांनी सगळ्या पक्षांना सही करायला लावायचा करार काढला, विज्ञानाला पाठिंबा आणि छद्मविज्ञानाला नाही, आणि त्यावर माजी पंतप्रधान रेन्झी आणि फाइव्ह स्टार चळवळीचा संस्थापक ग्रिलो या एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांनीही सह्या केल्या. ग्रिलोचे स्वतःचे समर्थक त्याच्यावर भयंकर चिडले होते. मला हे शहाणपणाचं वाटलं, पक्षाकडे जायचं नाही, पक्षांना आपल्याकडे बोलवायचं.

दुर्बीण

सगळं वैज्ञानिकांना हुतात्मा करून चाललंय, म्हणून शेवटची एक फोडणी. १९३३ नंतरच्या जर्मनीत लेनार्ड (नोबेल १९०५) आणि श्टार्क (नोबेल १९१९) हे दोघं नाझींचे उघड समर्थक होते, आइनस्टाइनचं भौतिकशास्त्र 'ज्यू' म्हणून हाकलायला निघाले होते. सोव्हिएत रशियात स्टालिनचा लाडका कृषितज्ज्ञ लायसेंकोने आनुवंशिकीच मोडीत काढली, वाव्हिलोव्हसारखा बियाण्यांचा महापंडित १९४३ ला साराटोव्हच्या तुरुंगात मेला, आणि लायसेंकोचं म्हणणं अधिकृत ठरवणाऱ्या १९४८ च्या सभेत टाळ्या वाजवणारे पण वैज्ञानिकच होते. 'मोजू नका' म्हटलं की वैज्ञानिक पक्ष सोडतात म्हणे. काही जण त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या म्हणून आत येतात.

कोराकागद

यावर मला खरंच बोलायचं सुचत नाहीये.

आडवाफाटा

@प्रयोगवही, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या प्रस्तावाचं शीर्षक नंतर परत बदललं का? सरकार बदललं असेल ना एव्हाना.

प्रयोगवही

बदललं सरकार. मागच्या वर्षी आम्ही पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव टाकला, तो म्हातारा निवृत्त झालाय, मसुदा मीच लिहिला. शीर्षकात 'चढउतार' असंच ठेवलं. कोणाचा फोन आला नव्हता.